आधी कोणी जायचं

संपादकबाईंचा फोन आला, "लोपीस अंकल, तुमच्या ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरच्या कारकिर्दीचा प्रवास लिहा ना आपल्या दिवाळी अंकासाठी." मी म्हटलं, बाई, मी वीसेक वर्षं मिसिसागाच्या त्याच त्या रस्त्यांवर गोल गोल फिरलो, तेही बाजूच्या सीटवर बसून. ह्याला प्रवास म्हणत नाहीत. पण बाजूच्या सीटवरून माणूस फार जवळून दिसतो, त्याबद्दल चालत असेल तर लिहितो. बाई म्हणाल्या चालेल, फक्त शब्दमर्यादा पाळा. म्हणजे इथेही स्पीड लिमिट आलंच.

आमच्या धंद्याचं सामान फार नाही. माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक, माझ्यापुरता एक जास्तीचा आरसा आणि छपरावर पिवळी पाटी. ती पाटी बघून मागच्या ड्रायव्हरच्या कपाळावर आपोआप आठी पडते. क्लच नाही, गियर बदलायचे नाहीत, तेव्हा शिकवण्यात काय कठीण, असं लोकांना वाटतं. सोळा वर्षांच्या कोऱ्या पोराला शिकवणं खरंच सोपं असतं. घाम काढतो तो दुसऱ्या देशात वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवून आलेला माणूस. त्याला गाडी उत्तम येते, फक्त जुनं विसरायचं असतं. आणि विसरायला कसं शिकवायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी एक गंमत करायचो. किल्ली विद्यार्थ्याच्या हातात द्यायची, "बसा" म्हणायचं आणि तो कुठल्या दाराकडे जातो ते बघायचं. कॅनडात स्टिअरिंग डावीकडे. केनिया, युगांडा, झांबियाचा माणूस आपल्यासारखाच थेट उजव्या दाराशी जातो, दार उघडतो, आत स्टिअरिंग नाही बघून ओशाळतो. काँगो किंवा सेनेगलचा माणूस बरोब्बर डाव्या दाराशी. पासपोर्ट न बघता मला कळायचं, ह्याच्या आजोबांवर इंग्रजांचं राज्य होतं की फ्रेंच-बेल्जियनांचं. साहेब बोटीत बसून घरी गेल्याला पन्नास-साठ वर्षं झाली, पण माणसानं गाडीत कुठून शिरायचं ते अजून साहेबच ठरवतो. मीही वसईहून आलो तेव्हा पहिलं वर्षभर उजव्या दाराशीच जात होतो, त्यामुळे मला हसायचा अधिकार नव्हता. तरी हसायचो.

कॅमेरूनचं एक जोडपं एकत्र शिकायला यायचं. त्या देशाची कथा म्हणजे आधी जर्मनांनी घेतला, मग ते महायुद्ध हरले तेव्हा इंग्रज आणि फ्रेंचांनी भाकरी मोडावी तसा मोडून वाटून घेतला. नवरा इमानुएल फ्रेंच तुकड्यातला, आधी मॉन्ट्रियलला राहून आलेला. बायको ग्लॅडिस इंग्रजी तुकड्यातली. फ्रेंचांचा जुना नियम असा की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. इमानुएल हमरस्त्यावर चांगल्या वेगात जात असे आणि उजवीकडच्या मॉलच्या दारातून कोणी नाक बाहेर काढलं की मधोमध थांबत असे. मागच्या सीटवरून ग्लॅडिस इंग्रजीत ओरडे, तो फ्रेंचमध्ये उत्तर देई, मागचे लोक हॉर्नच्या भाषेत बोलत. लायसन दोघांनाही मिळालं. त्याच वर्षी तिकडे त्यांच्या देशात इंग्रजीवाले आणि फ्रेंचवाले ह्याच वाटणीवरून भिडले होते आणि ग्लॅडिसच्या भाच्यांच्या शाळा बंद पडल्या होत्या. गाडीतलं भांडण कॉफीवर मिटायचं. ते नाही मिटलं.

पण मला सांगायचंय ते म्वालिमूंबद्दल. म्वालिमु म्हणजे स्वाहिलीत मास्तर. त्यांचं नाव जोसेफ, पण केनियात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांची मुलगी रूथसुद्धा त्यांना म्वालिमुच म्हणायची. सत्तरीला टेकलेले, उंच, वाळलेले, उन्हाळ्यातही कोट-टाय. रूथ नर्स. तिचा नवरा ट्रक घेऊन एडमंटनकडे जायचा तो आठवडे आठवडे यायचा नाही. घरात आठ वर्षांची नात, ग्रेस. रूथला शहराबाहेरच्या एका हॉस्पिटलात कायमची नोकरी मिळत होती, डिसेंबरपासून. शिफ्ट पहाटेची, तिथे बस जात नाही, म्हणजे तिची गाडी तिला लागणार. ग्रेसची शाळा घरापासून लांब. म्वालिमूंना लायसन मिळालं तर ते दुसरी जुनी गाडी घेऊन नातीला शाळेत सोडणार-आणणार. नाही मिळालं तर रूथ नोकरीला नाही म्हणणार. तिनं मला पहिल्याच दिवशी हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "नो प्रेशर, मिस्टर लोपीस." असं म्हणणारे लोकच सगळ्यात जास्त प्रेशर देतात.

म्वालिमु अर्थातच उजव्या दाराशी गेले. मी हसलो. ते म्हणाले, "तुम्हीही इंग्रजांचेच ना?"

"आमच्याकडे इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज," मी म्हटलं. "आमच्या वसईला त्यांचा किल्ला आहे. माझं आडनाव त्यांचंच."

"आमच्या मोंबासालाही त्यांचा किल्ला आहे," म्वालिमु म्हणाले. "म्हणजे आपण एकाच घरमालकाचे जुने भाडेकरू."

अशा माणसाशी मैत्री व्हायला वेळ लागत नाही. मी लगेच आमच्या घरची फुशारकी सांगून टाकली. माझे आजोबा तरुणपणी केनियात रेल्वेत क्लार्क होते. साहेबी सोला हॅट घालून सायकलला टेकून उभे असलेला त्यांचा फोटो आमच्या घरी हॉलमध्ये आहे. आमच्या अख्ख्या गावात परदेश बघितलेले ते पहिले. म्वालिमूंनी नुसतं "अच्छा, रेल्वे," म्हटलं आणि सीटबेल्ट लावला.

गाडी ते झकास चालवायचे. पार्किंग तर असं की टेप लावून बघा. अडचण एकच होती, ऑल-वे स्टॉप. इकडे न राहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. चार रस्ते मिळतात, सिग्नल नाही, चारी बाजूंना स्टॉपची लाल पाटी. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. पोलीस नाही, दिवा नाही, नुसत्या विश्वासावर सगळं चालतं. आपल्याकडे अशी पाटी लावली तर पाटी चोरीला जाईल.

म्वालिमु तिथे व्यवस्थित थांबायचे आणि मग निघायचेच नाहीत. समोरच्याला हात करायचे, "प्लीज, तुम्ही." आता कॅनडातला माणूस म्हणजे सभ्यतेचा पुतळा, तो उलट ह्यांना हात करायचा, "नो नो, यू गो अहेड." मग हे पुन्हा त्याला. एकदा तर चारी बाजूंनी चार गाड्या आणि चारी काचांआड चार हात हलताहेत, जशी कोणाला निरोप द्यायला जमलेली मंडळी. शेवटी एक खार रस्ता ओलांडून गेली, तिला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

मला वाटलं, वय झालंय, स्वभाव भिडस्त आहे, सुटेल सवय. पण रोड टेस्टमध्ये एक्झॅमिनर बाईंनी नापास केलं. स्वतःचा हक्क असताना न जाणं, रहदारीला अडथळा. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "सर, तुमच्याइतका सभ्य माणूस मी आजवर नापास केलेला नाही." दुसऱ्या टेस्टमध्ये दुसरा एक्झॅमिनर, तोच शेरा. ऑक्टोबर संपत आला होता. रूथनं त्या दिवशी मला चहाही विचारला नाही.

त्यानंतरच्या एका लेसनला माझ्या लक्षात आलं. एका चौकात आम्ही थांबलो, आमच्यानंतर समोर एक आफ्रिकन बाई येऊन थांबली. म्वालिमु लगेच निघाले, राजासारखे. पुढच्या चौकात गोरे गृहस्थ, तिथे हात. त्याच्या पुढे चिनी आजोबा, तिथे निघाले. त्याच्या पुढे पगडीवाला आपला सरदारजी, नंतर आलेला. म्वालिमूंनी ब्रेक घट्ट दाबला आणि हात केला, "प्लीज." मी पुढचे चार-पाच लेसन नुसतं हेच बघत होतो. एकदाही चुकलं नाही. गोरा आला की थांबणार, देशी आला की थांबणार, बाकी कोणी आला की जाणार.

बोलावं की नाही, मला कळेना. पार्किंग चुकलं तर सांगता येतं. हे कसं सांगायचं? पण डिसेंबर जवळ येत होता. कॉफीच्या दुकानासमोर गाडी लावून मी म्हटलं, "म्वालिमु, राग मानू नका," आणि काय पाहिलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि शाळेत धडा सुरू करावा तसे बोलायला लागले. इंग्रजांना नाईल नदीचा उगम ताब्यात हवा होता, म्हणून समुद्रापासून आत सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. मजूर तुमच्या देशातून आणले. रेल्वे झाली, पण तिच्यातून न्यायचं काय? माल हवा. म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून डोंगरावरची थंड हवेची उत्तम जमीन देऊन टाकली. त्या जमिनीवर आमची माणसं राहत होती हे नकाशात नव्हतं. आता शेतावर राबायला माणूस हवा. आमचा माणूस आपली शेती सोडून कशाला राबेल? म्हणून प्रत्येक झोपडीवर कर बसवला, तोही नाण्यांत. नाणी मिळणार फक्त साहेबाच्या शेतावर. "इतकं सोपं होतं, मिस्टर लोपीस. मी हे मुलांना तीन तासांत शिकवायचो आणि मुलांना वाटायचं, म्हातारा काहीतरी लपवतोय."

मी म्हटलं, "आणि चौक?"

"माझे आजोबा ज्या टेकडीवर शेळ्या चारायचे, तिच्यावर साहेबाचा कॉफीचा मळा झाला. माझे वडील त्या मळ्यात मजूर. गळ्यात पत्र्याची डबी, तिच्यात ओळखपत्र. शेतातून एक कच्चा रस्ता जायचा. साहेबाची मोटर आली की रस्ता सोडून चरात उतरायचं, टोपी काढायची आणि धूळ बसेपर्यंत उभं राहायचं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. वडील माझी मान धरून मला खाली उतरवायचे, कारण मी उतरलो नाही तर मार त्यांना बसायचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी शाळेत झेंडा धरून नाचलो. पुढे पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं की मान ताठ ठेवा. पायाला सांगायचं राहून गेलं, असं दिसतंय."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि आमचा माणूस आला तर? म्हणजे रेल्वेतला एखादा क्लार्क, सायकलवर?"

म्वालिमूंनी खरोखर आठवून बघितलं. "मोटरसाठी चरात," ते म्हणाले. "सायकलसाठी फक्त कडेला. टोपी काढायची, पण धूळ बसेपर्यंत थांबायची गरज नव्हती." आणि मग ते इतक्या मोठ्यानं हसले की कॉफी घेऊन चाललेली माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. आजोबा मी दहावीत असेपर्यंत होते. स्टेशनाशेजारी आलेला सिंह, साहेबाची कुत्री, ख्रिसमसचा केक, सगळं मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. रस्त्याच्या कडेला कोण उभं असायचं, ते विचारायचं मला सुचलंच नाही, आणि आता विचारायला कोणी उरलेलं नाही. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

असो. टेस्ट तीन आठवड्यांवर होती आणि वाईट वाटून कोणी पास होत नाही.

मी योजना केली. रविवारी सकाळी विमानतळाजवळच्या ऑफिसांच्या भागात चिटपाखरू नसतं, ऑल-वे स्टॉप मात्र ढीगभर. एका बाजूनं माझी शिकवणीची गाडी. दुसऱ्या बाजूनं आमची घरची गाडी, चालवणार माझी बायको रेजिना. तिसऱ्या बाजूनं आमचा शेजारी डग, त्याच्या पिकअप ट्रकसह. डग गोरा, तांबूस, रिटायर्ड पोस्टमन, बायको वारल्यापासून रविवारी काय करायचं हा त्याला प्रश्नच असायचा. मी म्हटलं, "डग, तुला फक्त गोल गोल फिरायचं आहे आणि चौकात येऊन थांबायचं आहे." तो म्हणाला, "पोस्टात तेच करत होतो."

पहिला अर्धा तास नुसता तमाशा. रेजिना वसईच्या बाजारात मासे घासाघीस करून घेत वाढलेली, तिला फक्त स्वतःचा नंबर कळतो. ती कोणाकडे न बघता सुसाट. डग जातीचा कॅनेडियन, त्याचा हात स्टिअरिंगवर राहीच ना. म्वालिमु त्याला हात करणार, तो म्वालिमूंना. मी शेवटी उतरून डगच्या खिडकीशी गेलो. "डग, हात करायचा नाही. तुझा नंबर असेल तर जा, नसेल तर बस."

"पण मग मी उद्धट दिसेन," डग म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर कासावीस झाला होता.

परत गाडीत बसलो. म्वालिमूंचा पाय ब्रेकवर दगडासारखा. मला एकदम सुचलं. "म्वालिमु, तुमच्या शाळेत पाण्याचे नळ किती होते?"

"एक."

"आणि मुलं?"

"चारशे."

"मग आधी कोण प्यायचं?"

"जो आधी येईल तो," ते ताडकन म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला. "आमच्याकडे चीफचा मुलगा होता, मिशनच्या गोऱ्या पाद्र्यांचा पुतण्या होता, दुकानाच्या भारतीय मालकाची दोन पोरं होती. नळावर सगळे रांगेत. रांग मोडली तर मी कान धरून शेवटी नेऊन उभं करायचो."

"मग हा तुमचा नळ आहे," मी म्हटलं. "आणि आज नळावर हेडमास्तर नाही. सगळे आपणहून रांगेत."

म्वालिमूंनी टायची गाठ नीट केली. समोर डग येऊन थांबला, आमच्यानंतर. म्वालिमु मोठ्यानं म्हणाले, "पहिला मी. दुसरा डग." आणि गाडी निघाली. चौक ओलांडल्यावर त्यांनी श्वास सोडला, तसा मीही सोडला. माझा पाय जास्तीच्या ब्रेकवर होता, तो केव्हा उचलला गेला मला कळलंच नाही. त्या सकाळी आम्ही डगचं पेट्रोल संपेपर्यंत फिरलो.

नंतर आमच्याकडे रेजिनाच्या हातचं इंदेल, म्हणजे आमच्याकडचं आंबट-तिखट डुकराचं मटण, आणि पाव खाताना म्वालिमूंनी डगला स्वतःच चराची गोष्ट सांगितली. डगनं हातातला पाव ताटात ठेवला. मग म्हणाला, "माझ्या वडिलांचंही फार्म होतं, इथून वर उत्तरेला. त्यांच्या आधी ती जमीन कोणाची होती, मी कधी विचारलं नाही." म्वालिमु म्हणाले, "विचार. उत्तर देणारी माणसं फारशी लांब राहत नसतील." आणि त्यांनी डगच्या ताटात आणखी एक पाव वाढला.

टेस्टच्या दिवशी पहिला बर्फ पडला. विंटर टायर मी आदल्याच आठवड्यात घातले होते. म्वालिमु एक्झॅमिनरला घेऊन गेले आणि मी टेस्ट सेंटरच्या खिडकीशी उभा राहून नखं खात होतो, रूथ माझ्या बाजूला माळ ओढत होती. परत आले ते चेहऱ्यावर काही नाही, सगळे हेडमास्तर असेच असतात. रूथच्या हातात कागद दिला आणि मला म्हणाले, "एका चौकात डावीकडून पोलिसांची गाडी आली. माझ्यानंतर आली होती." एवढंच. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही, कारण रूथ रडत होती आणि हसत होती आणि माझा कोट ओला करत होती.

रूथ डिसेंबरात नोकरीवर रुजू झाली. मी माझ्या पुढच्या विद्यार्थ्यांना लागलो.

जानेवारीतल्या एका सकाळी मी एका नव्या मुलीला शिकवणीच्या गाडीतून घरी सोडायला चाललो होतो, गाडी मी चालवत होतो. ऑल-वे स्टॉपला येऊन थांबलो आणि क्षणभरानं समोर एक जुनी निळी गाडी येऊन थांबली. आत कोट-टाय. मागच्या सीटवर लाल टोपी घातलेली ग्रेस. माझं मन एकदम भरून आलं. मनात काय काय आलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही, पण मला वाटलं, आज ह्यांना आधी जाऊ द्यावं. तेवढंच माझ्या हातात आहे. मी हसून हात केला, "प्लीज, म्वालिमु, तुम्ही."

निळी गाडी हलली नाही. मी पुन्हा हात केला. त्यांच्या मागे एक गाडी येऊन थांबली, माझ्या मागे दोन. म्वालिमूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मी शिकवले होते तसेच. मग त्यांनी काच खाली केली. बाहेर उणे पंधरा, वाफ तोंडातून निघत होती, आणि त्यांच्या शाळेतली चारशे मुलं जागच्या जागी ताठ झाली असती अशा आवाजात ते म्हणाले, "मिस्टर लोपीस, तुम्ही आधी आलात. जा."

मी गेलो.